लक्ष्मम्माची सात पोती

लातुरात खाजगी गुप्तहेर असतो असं सांगितलं की पुण्याचे लोक हसतात. हसू द्यावं. ज्या गावात डॉक्टर-इंजिनियर व्हायला चहूकडून पोरं येऊन पडतात, तिथं कोणाच्या नावावर कोण परीक्षेला बसलं हे शोधणारं कोणीतरी लागतंच की! ते काम कुसुमताई देगलूरकर करत. त्या मूळच्या शाळामास्तरीण. भरारी पथकात त्यांची इतकी वर्षं गेली होती की बाकाखालची चिठ्ठी त्यांना पोराच्या मानेवरूनच कळायची. निवृत्तीनंतर लोक स्वेटर विणतात, यांनी हापिस थाटलं.

हापिस एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली त्यांचा भाचा मुकुल पोरांना फिजिक्स शिकवी. मुकुल मूळचा नांदेडचा, स्वभावानं भोळा आणि पोटानं हावरा.

त्या दिवशी तो कांदाभज्यांची पुडी घेऊन वर आला आणि खुर्चीत बसल्या बसल्या कुरकुरायला लागला.

"मावशी, तुझ्या लातूरची माणसं लई ग्वाड म्हणतात ना? परवा येळवस झाली. सगळं गाव शेतात जाऊन भज्जी-आंबील चापून आलं. मला एकानं तरी बोलावलं का? हॉस्टेलची बाहेरगावची पोरं आणि मी, एवढेच गावात शिल्लक. दिवसभर क्लास घेतला. त्यात दुपारभर मागच्या डाळमिलची घरघर, बोंबलून बोंबलून घसा बसला. आणि रात्री मेसमध्ये काय, तर दुधीभोपळा!"

"डब्यातून भज्जी पाठवली होती मी."

"ती वाटीभर! त्यानं काय होतं, मावशी?"

कुसुमताई हसल्या. वेळ अमावस्येला अख्खं लातूर दुकानं-कचेऱ्या बंद करून शेतात जेवायला जातं. रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. बाहेरच्या माणसाला त्या दिवशी आपण टाकलेलो आहोत असंच वाटतं. त्या पुढं काही बोलणार तेवढ्यात दार वाजलं.

दोन बाया आत आल्या. पुढची चाळिशीची, खादीच्या कुर्त्यातली, डोळे सुजलेले. मागची साठीची, नवंकोरं जरीकाठी लुगडं, केसांत अबोलीचा गजरा आणि चेहरा दगडासारखा घट्ट.

"मी शीला बिराजदार. मागच्या गल्लीत आप्पासाहेबांच्या डाळमिलच्या आवारात माझा चॉकलेटचा कारखाना आहे. आणि या लक्ष्मम्मा. आंध्रातून आल्यात. माझ्या चॉकलेटचा कोको यांच्या बागेतला."

"नावानिशी चॉकलेट! तुमचंच का ते?" मुकुल भजं विसरला. "वेष्टनावर शेतकऱ्याचं नाव असतं ते?"

"हो. तेच नाव आज मातीत जायची वेळ आलीय."

शीलानं सगळं सांगितलं. ती किल्लारीच्या पट्ट्यातली. भूकंपात घर गेलं, माणसं गेली. ती चौथीत होती. मदतीच्या गाडीतून बिस्किटं, कपडे यायचे, त्यात एकदा एक चॉकलेट हाताला लागलं. जन्मात पहिलं. वेष्टन उलटंपालटं करून तिनं शोधलं, कोणी दिलं असेल हे? कोणाचंच नाव नव्हतं.

"कोणाला तरी माझी आठवण झाली होती, आणि तो कोण हे मला कधीच कळलं नाही. ते टोचत राहिलं, ताई. मोठी होऊन या धंद्यात शिरले तर इथंही तेच. कोको कोणी पिकवला, त्याला काय मिळालं, झाडं तोडून पिकवला की जपून, कोणाला पत्ता नाही. सगळा ढीग एकात एक. म्हणून मी ठरवलं, माझ्या चॉकलेटवर पिकवणाऱ्याचं नाव असणारच. लक्ष्मम्मा नारळाच्या सावलीत कोको लावतात, फवारणी नाही. आणि त्यांच्या गटातल्या बाया बी सहा दिवस आंबवून मग वाळवतात. त्याचे मी बाजारापेक्षा जास्त पैसे देते आणि ताठ मानेनं सांगते."

"मग बिघडलं काय?"

"उद्या मुंबईच्या मोठ्या कंपनीच्या मनस्विनी मॅडम येणार आहेत. माल पटला तर लक्ष्मम्मांच्या पूर्ण गटाचा कोको त्या वर्षानुवर्षं घेणार. म्हणून अम्मांना मुद्दाम बोलावलं. आज सकाळी त्यांच्याच हातानं पोती फोडली, हार घातला. आणि माझ्याकडं चॉकलेट करणाऱ्या आलोकनं बी चिरून बघितली तर सातही पोत्यांत भलताच माल. न आंबवलेला, हलका, कुठल्यातरी व्यापाऱ्याच्या ढिगातला."

लक्ष्मम्मा पहिल्यांदाच बोलल्या. "इवि नावि कावु."

"हे माझं नव्हे, म्हणतायत," शीला म्हणाली. "सकाळपासून एवढंच बोलतात. गोदामाला कुलूप होतं, पोत्यांची तोंडं बंद होती. लोक म्हणतात, बाईनंच फसवलं. माझा नाही विश्वास. पण उद्या मॅडमना काय सांगू? उद्या हे नाव एकदा बदनाम झालं की त्या सगळ्या बायांकडं पुन्हा कोणी फिरकणार नाही."

कुसुमताईंनी पायात चपला सरकवल्या. "चला."

कारखाना छोटा पण लख्ख होता. कोपऱ्यातल्या गोदामात सात पोती ओळीनं, प्रत्येकावर तेलुगूत आणि मराठीत लक्ष्मम्माचं नाव छापलेलं. दोन फोडलेली होती. बाकीच्यांत आलोकनं लोखंडी नळी खुपसून नमुने काढले होते.

कुसुमताईंनी मूठभर बिया तळहातावर घेतल्या. एकसारख्या, टपोऱ्या, चकचकीत. त्यांनी नाकाला लावल्या, मग बोटं पांढऱ्या रुमालाला पुसली. रुमालावर पिवळसर डाग उमटला.

"मावशी, ते माझ्या भज्यांचं," मुकुल ओशाळून म्हणाला.

"मी भज्यांना हात लावला नाही, मुकुल." त्या न फोडलेल्या पोत्यापाशी वाकल्या. तोंड सुतळीनं शिवलेलं, दोन्ही टोकांना धरायला कान काढलेले. त्या लक्ष्मम्मांकडं वळल्या आणि हातानंच विचारलं, पोतं कसं बंद करता?

लक्ष्मम्मांनी हवेत पोत्याचं तोंड मुठीत गोळा केलं, त्याभोवती दोरी गुंडाळून गच्च आवळली.

"काथ्या," शीला म्हणाली. "नारळाच्या बागा ना, घरचाच काथ्या असतो त्यांच्याकडं."

"हं," म्हणून कुसुमताईंनी रुमालाची घडी करून पर्समध्ये टाकली.

पहिला आलोक. चॉकलेट बनवणारा, पुण्याहून शिकून आलेला, तोंडावर नाराजी.

"मी शीलाताईंना आधीच म्हणत होतो, थोडा स्वस्त कोको मिसळू या. नाहीतर धंदा कसा टिकणार? पण त्याचा अर्थ मी चोरी केली असा नाही होत!"

"गोदामाची किल्ली तुमच्याकडं असते?"

"एक माझ्याकडे, एक गोदामवाल्या वैजनाथकडे. तिसरी आप्पासाहेबांच्या ऑफिसात टांगलेली असते, आगबिग लागली तर म्हणून."

"येळवशीला कुठं होता?"

"खोलीवर झोपलो होतो. शीलाताईंनी शेतात बोलावलं होतं, पण मला ते आंबील-बिंबील सोसत नाही."

मुकुलचा चेहरा बघण्यासारखा झाला. बोलावणं येऊनही न जाणारा माणूस त्याच्या मते कोणताही गुन्हा करू शकत होता.

"बी चिरून का बघता हो?" कुसुमताईंनी विचारलं.

"कोकोचं सगळं पोटात असतं. नीट आंबलेली बी आतून तपकिरी आणि भेगाळलेली दिसते. न आंबलेली राखाडी, घट्ट. वरून काही कळत नाही. कुठलाही खरेदीदार आधी सुरीच काढतो."

दुसरा वैजनाथ. गोदाम सांभाळणारा, शीलाचा आतेभाऊ. आधी आप्पासाहेबांच्या गिरणीत हमाली केलेला.

"मी कायले करतो, ताई? माल उतरला त्याच्या दुसऱ्याच दिवशी येळवस. मी शीलासंगंच शेतात होतो, सकाळपासून दिवेलागणीपस्तोर. विचारा की तिला." शीलानं मान डोलावली. "पोती शिवायला मला येतंय, हाव, खोटं कशाला बोलू? लातुरात कोणाला येत न्हाई?"

तिसरा ट्रकवाला विरूपाक्ष, उदगीरचा. बोलावणं गेल्यावर तणतणतच आला.

"लोक म्हनून राहिलेत मी वाटंत माल बदलला! अहो, ताडपत्री घट्ट आवळून आणली. आणि ते बी काय माल म्हनावा! सगळ्या रस्त्यानं आंबूस वास. चिंच कोळून ठेवल्यावानी! गाडी धुतली, उदबत्ती लावली, तरी क्याबिनमधी बसवत न्हाई. इस्वास नसंल तर चढून बघा."

मुकुल चढून बघून आला आणि शिंकला. "खरंच की. चिंचेचं सार आठवलं, मावशी."

राहिले आप्पासाहेब. डाळमिलचे मालक, पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला भस्म. शीलाला जागा भाड्यानं देणारे तेच, आणि भाड्यात सवलत देणारेही तेच. त्यांनी गिरणीतच चहा मागवला.

"पोरीसारखी हाय ती मला," ते म्हणाले. "भूकंपातनं उठून कारखाना काढला, लातूरचं नाव केलं. पण ताई, त्या नावागावाच्या नादानं खड्ड्यात जाणार. मी कवाचं सांगून राहिलो, मी देतो कोको, निम्म्या भावात. माल कोणी पिकवला ह्याला काय करायचं? माल बघायचा! आता हा आलेला माल काय वंगाळ दिसतोय? दाणा कसा एकसारखा!"

"तुमची डाळही तशीच असते म्हणे."

आप्पासाहेब खुलले. "बिनचमकेचा दाणा ह्या फाटकाच्या भायेर जात न्हाई. मी हमालीपासून वर आलो, ताई. आजबी पाठीवर पोतं घेतो, आजबी पोतं शिवतो. आन पॉलिशच्या मशीनला तर दुसऱ्याला हात लावू देत न्हाई. किल्ली हितं, कमरेला. तेल किती मारायचं हे हातालाच कळावं लागतं."

"येळवस कशी झाली?"

"झकास! चाकूरच्या शेतात. लई पाव्हणे. गिरणीला टाळं, हितं कुत्रंसुदिक नव्हतं. येळवशीला लातुरात मशीन चालवंल असा माणूस जन्माला यायचाय."

मुकुल तुरीच्या थप्प्यांमधून हिंडत होता. चहा संपवून बाहेर पडताना तो म्हणाला, "मावशी, मला परत चिंचेच्या साराची आठवण येतेय. आधी जेवू या का?"

कुसुमताई फाटकात थांबल्या, त्याच्याकडं वळल्या आणि भर रस्त्यात त्याच्या पाठीवर थाप मारली. "मुकुल, तुझ्यासारखा भाचा सगळ्यांना मिळो!"

"का? काय केलं मी?"

"खाण्याचा विचार केलास. सगळ्यांना बोलाव. आप्पासाहेबांनासुद्धा."

सगळे शीलाच्या कारखान्यात जमले. कुसुमताई परीक्षेच्या हॉलमध्ये उभ्या राहायच्या तशा मध्ये उभ्या राहिल्या, आणि सगळे आपोआप ताठ बसले.

"पहिली गोष्ट," त्या म्हणाल्या. "लक्ष्मम्मांनी खरा माल पाठवला. विरूपाक्षच्या गाडीला अजून आंबूस वास येतोय. नीट आंबवलेल्या कोकोचा तो वास. पोत्यातल्या या बियांना वास नाही. म्हणजे ट्रकमधून उतरला तो माल खरा होता. अम्माही सुटल्या, विरूपाक्षही सुटला."

शीलानं ते घाईघाईनं अम्मांच्या कानात सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली. त्यांना हे आधीपासूनच ठाऊक होतं.

"म्हणजे माल इथं बदलला. पोत्यांची तोंडं बंद होती, पण कशी? सुतळीनं शिवून, दोन कान काढून. अम्मा काथ्यानं आवळून बांधतात, म्हणून तर सकाळपासून 'हे माझं नव्हे' म्हणतायत. तुम्हा कोणाला हे दिसलं नाही, कारण लातुरात प्रत्येक पोत्याला कान असतात. रोज बघायची सवय असली की डोळे तिथं थांबतच नाहीत."

"आयला, खरंच की," वैजनाथ पुटपुटला.

"शिवणारा हात लातूरचा. आलोकला साधी गाठ मारता येत नसेल." आलोकनं नाराज व्हायचं की सुटकेचा श्वास सोडायचा हे ठरवेपर्यंत त्या पुढं गेल्या होत्या. "वैजनाथला शिवता येतं. पण गोदाम रिकामं सापडायचा एकच दिवस होता, येळवस. तो शीलाबरोबर शेतात होता."

त्यांनी पर्समधून रुमाल काढला. पिवळा डाग सगळ्यांना दाखवला.

"हे तेल आहे. तूरडाळीला मारतात ते. कोकोच्या बीला कोण तेल मारतं? या बिया चाळून एकसारख्या केल्यात, मशीनमधून काढून चमकवल्यात. आलोक असता तर त्याला माहीत होतं, खरेदीदार बी चिरून बघतो. तो वरच्या चमकेवर वेळ घालवणार नाही. हे काम अशा माणसाचं, जो आयुष्यभर दाण्याची पारख वरून करत आला. डाळ कोणी चिरून बघत नाही, आप्पासाहेब."

आप्पासाहेब उभे राहिले. "ताई, तोंड सांभाळून! येळवशीला मी चाकूरला होतो. गिरणी बंद होती."

"पाहुण्यांच्या गर्दीतून चाकूरहून गुपचूप निघून येता येतं, आणि गिरणी चालू होती. दुपारभर घरघर होत होती."

"कोण म्हणतं? सगळं लातूर शेतात होतं!"

"सगळं लातूर शेतात होतं. पण लातुरात आता लातूरचे नसलेलेही राहतात. तुमच्या भिंतीपलीकडं नांदेडचा एक मास्तर बाहेरगावच्या पोरांना फिजिक्स शिकवत होता. त्याला कोणी भज्जी खायला बोलावलं नव्हतं. तुमच्या मशीनच्या आवाजावर आवाज चढवून त्याचा घसा बसला."

सगळ्यांच्या माना मुकुलकडं वळल्या. मुकुलचा 'आ' वासलेलाच राहिला.

"पॉलिशच्या मशीनची किल्ली तुमच्या कमरेला. गोदामाची तिसरी किल्ली तुमच्या हापिसात. आणि तुमच्या तुरीच्या थप्पीमागं चिंचेचा वास येतोय. तूर काही आंबत नाही. वैजनाथ, जा रे, बघ."

वैजनाथ आणि विरूपाक्ष धावले. थप्पीमागून एक पोतं ओढत आणलं. पोतं साधंच, पण तोंड उघडताच खोलीभर आंबूस वास पसरला. लक्ष्मम्मा तटकन उठल्या, पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. आलोकनं एक बी चिरली. तपकिरी, भेगाळलेली.

"नावि," लक्ष्मम्मा म्हणाल्या. हे मात्र कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

आप्पासाहेब पोत्याशेजारी बसले. धोतराचा सोगा चाळवत बोलायला लागले.

"व्यापाऱ्याकडनं लई माल घेऊन बसलो होतो, शीला. तू घेशील म्हणून. तू ऐकंना. म्हटलं, उद्या ती मुंबईची बाई माझा माल बघून खूष होईल. मग तुला सांगीन, बघ, ती ज्याला लक्ष्मम्माचा म्हणली तो माझाच. नावात काय न्हाई हे तुला पटवायचं होतं. तुझं वाटोळं करायचं न्हवतं गं. आन ह्या बाईचा तर मी इचारच केला न्हाई."

"तेच तर, आप्पासाहेब," शीला म्हणाली. "तुम्ही त्यांचा विचारच केला नाही. कारण तुमच्या लेखी त्या पोत्यावरचं नाव म्हणजे शाई. माझ्या लेखी ती बाई आहे. आज दिवसभर ती परक्या गावात चोर ठरून उभी होती, नव्या लुगड्यात."

आप्पासाहेब उठून लक्ष्मम्मांपुढं गेले आणि हात जोडले. लातूरच्या बाजारात ज्यांना सगळे वाकतात त्यांना असं वाकलेलं कोणी पाहिलं नव्हतं. लक्ष्मम्मांनी त्यांच्याकडं नीट निरखून पाहिलं आणि हातानं बसा म्हणून खूण केली.

"पोलिसात देणार का मला?"

"नाही," शीला म्हणाली. "तुमचा तो चकचकीत माल कोणी पिकवला, शोधून काढा. माणसं भेटा, त्यांना काय मिळालं विचारा. त्यांची नावं घेऊन या आणि आंबवायचं कसं ते अम्मांकडून शिकायला त्यांना पाठवा. मग मी विकत घेईन. नावाशिवाय एक दाणा घेणार नाही."

दुसऱ्या दिवशी मनस्विनी मॅडम आल्या. त्यांनी नमस्काराआधी सुरी काढली. पोत्यापोत्यातली बी चिरत गेल्या आणि शेवटच्या पोत्यापाशी हसल्या. "असा कोको आपल्याकडे होतो?" शीला म्हणाली, "यांच्याकडे होतो," आणि लक्ष्मम्मांना पुढं केलं. गटाच्या सगळ्या कोकोचा सौदा तिथंच ठरला. वैजनाथनं आनंदाच्या भरात हार कोणाला घालायचा ते विसरून मुकुलला घातला, आणि मुकुलनं तो काढला नाही.

मग शीलानं आधीच्या मालातली एक वडी लक्ष्मम्मांच्या हातात ठेवली. आयुष्यभर कोको पिकवला, चॉकलेट कधी खाल्लं नव्हतं. सगळे वाकून बघत होते. त्यांनी तुकडा तोंडात टाकला आणि तोंड कसनुसं केलं.

"चेदु!"

"कडू म्हणतायत!" शीला हसता हसता खाली बसली. सगळेच हसले, विरूपाक्ष तर मांडीवर थापा मारून. लक्ष्मम्मांनी मात्र दुसरा तुकडा घेतला. मग तिसरा.

खाऊन झाल्यावर त्यांनी वेष्टन सरळ केलं. त्यावर तेलुगूत त्यांचं नाव होतं. खाली माल आणणाऱ्या विरूपाक्षचं, गोदाम बघणाऱ्या वैजनाथचं, चॉकलेट करणाऱ्या आलोकचं. त्यांनी एकेकावर बोट ठेवून विचारलं, शीलानं एकेकाकडं बोट दाखवलं. मग वेष्टन उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. काहीतरी शोधत होत्या.

"नी पेरु एक्कड?"

शीलानं वेष्टन हातात घेतलं.

"काय म्हणाल्या?" मुकुलनं विचारलं.

"तुझं नाव कुठाय, म्हणाल्या."

इतकी वर्षं तिनं सगळ्यांची नावं छापली होती. स्वतःचं घालायचं तिला सुचलंच नव्हतं. लक्ष्मम्मा तेलुगूत भराभरा बोलत सुटल्या, आणि ऐकता ऐकता शीलाचे डोळे भरून वाहायला लागले.

"त्या म्हणतात, गावात जाऊन मी नातवंडांना हे देणार. ती विचारतील, आज्जी, कोणी केलं? मी काय सांगू, कोणीतरी?"

कुसुमताईंनी आपल्या पर्समधलं पेन काढून पुढं केलं. शीलानं डोळे पुसले आणि वेष्टनाच्या मोकळ्या कोपऱ्यात, चौथीतल्या पोरीसारखं जपून, आपलं नाव लिहिलं.